खराब सिबिल सुधारून पहिली नवी गाडी घेताना : सीमाभागातील कर्जदारांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

दसरा किंवा पाडवा जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील अनेकजण आधी शोरूममध्ये जातात, रंग पसंत करतात, टोकन भरतात आणि त्यानंतर त्यांना कळते की आपले सिबिल, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरून ठरणारा स्कोअर, खराब आहे. मग शोरूममधला फायनान्सचा माणूस तीच फाइल एकाच आठवड्यात चार-पाच ठिकाणी पाठवतो, प्रत्येक ठिकाणी नकार मिळतो आणि आधीच खाली असलेला स्कोअर आणखी खाली जातो. मी स्वतः याच चुकीमुळे एक दसरा घालवला आणि नंतरची अडीच वर्षे उद्यमबागेतल्या यंत्रशाळेत जादा पाळ्या करून ती निस्तरली. त्या काळात शिकलेला क्रम येथे मांडला आहे. शोरूमची पायरी यात आठवी आहे आणि ती आठवीच राहिली पाहिजे.

वेळेचा अंदाज आधीच बांधावा. अहवालात केवळ चुकीची नोंद असेल, तर दोन-तीन महिन्यांत काम होते. खरोखरच हप्ते थकलेले असतील, तर दीड ते दोन वर्षे धरून चालावे.

## टप्पा १ : नाव आणि पत्ता सर्व कागदांवर एक करणे

हा टप्पा बहुतेकजण वगळतात, आणि सीमाभागात तो वगळणे विशेष महागात पडते. आपले शाळेचे दाखले मराठीत, शासकीय नोंदी कन्नडमध्ये आणि बँकेचे कागद इंग्रजीत असतात. प्रत्येक वेळी लिप्यंतर करणारा माणूस वेगळा असल्याने एकाच व्यक्तीचे आडनाव तीन तऱ्हेने लिहिले जाते, कुठे वडिलांचे नाव मध्ये येते, तर कुठे केवळ आद्याक्षर. त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाल्यामुळे जुन्या कर्जांवर एक पत्ता आणि नव्या कागदांवर दुसरा, अशी स्थिती सर्रास आढळते. क्रेडिट ब्युरो, म्हणजे सर्वांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्था, नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता आणि मोबाइल क्रमांक जुळवून नोंदी एकत्र करतात. त्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसणे किंवा आपले वेळेवर फेडलेले कर्ज अहवालात न दिसणे, या दोन्ही गोष्टी येथूनच सुरू होतात.

पॅन, आधार, बँक पासबुक आणि मतदार ओळखपत्र टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून इंग्रजी अक्षरे एकेक करून ताडून पाहावीत. पॅनवरील नाव प्रमाण धरून बाकीची दुरुस्ती करावी. आधारमधील बदल आधार केंद्रात होतो आणि बँकेतील बदल केवायसीचा अर्ज देऊन होतो. जुना मोबाइल क्रमांक बंद असेल, तर तोही सर्व बँकांत बदलून घ्यावा, कारण अहवाल काढताना येणारा ओटीपी त्याच क्रमांकावर जातो.

तपासा : चारही कागदांवर नाव, आणि ज्या कागदांवर असेल तेथे जन्मतारीख व पत्ता जुळल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नये.

## टप्पा २ : चारही ब्युरोंचे अहवाल काढून वाचणे

आपण ‘सिबिल’ म्हणतो, ती ट्रान्सयुनियन सिबिल ही चार संस्थांपैकी एक आहे. एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या उरलेल्या तीन. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढावा. चारही अहवाल काढणे आवश्यक आहे, कारण महिलांच्या गटकर्जाची नोंद एका ब्युरोत ठळक दिसते, तर दुसऱ्या ब्युरोत तिचा मागमूसही नसतो, असे घडू शकते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती निराधार आहे, आणि तिच्यामुळे लोक वर्षानुवर्षे अहवाल पाहत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

स्कोअर ३०० ते ९०० या दरम्यान असतो आणि ७५० च्या वर असला तर बँका सहसा आढेवेढे घेत नाहीत. मात्र आकड्यावर नजर खिळवून न ठेवता खालची पाने वाचावीत. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांच्या छोट्या चौकटींची ओळ असते आणि प्रत्येक चौकटीत हप्ता किती दिवस उशिरा भरला, तो आकडा असतो. माझ्या दुचाकीच्या कर्जाखाली सात चौकटींत ०००, मग ०२९, ०६०, ०९१ असे आकडे होते. ०९१ या एका चौकटीचा अर्थ असा की ९० दिवसांची मर्यादा ओलांडून ते खाते बँकेच्या भाषेत अनुत्पादक, म्हणजे वसुलीची खात्री नसलेले, झाले. पुढे कित्येक महिने आकडा वाढतच गेलेला होता. ती ओळ वाचली तेव्हा यंत्रशाळेतला पगार कोणत्या महिन्यात थांबला होता, ते मला तारखेनिशी आठवले.

वाचताना चार गोष्टी वहीत वेगळ्या लिहाव्यात : खात्याची स्थिती (बंद, चालू, सेटल्ड म्हणजे तडजोडीने मिटवलेले, किंवा राइट ऑफ म्हणजे वसूल होणार नाही असे धरून बँकेने हिशेबातून काढलेले), थकीत रक्कम, ज्या कर्जाला आपण जामीन आहोत त्याची नोंद आणि गेल्या दोन वर्षांत कोणकोणत्या संस्थांनी आपली चौकशी केली ती यादी.

जामिनाविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. आपल्याकडे जामीन राहणे हा शेजारधर्म मानला जातो, आणि पाहुण्याच्या ट्रॅक्टरसाठी किंवा भावकीतल्या कुणाच्या यंत्रमागासाठी सही करून माणूस ती विसरून जातो. बँकेच्या कर्जाचा जामीन हा अहवालात आपल्या नावावर येतो, आणि मूळ कर्जदाराने हप्ते थकवले की तो डाग आपल्यालाही लागतो. अशी नोंद सापडल्यास मूळ कर्जदाराकडे स्वतः जाऊन बोलावे. फोनवर हा विषय निघत नाही.

सावधान : ‘पाच हजारांत सिबिल साफ करून देतो’ असे सांगणाऱ्या एजंटाला पॅन किंवा ओटीपी देऊ नये. चुकीची नोंद विनामूल्य दुरुस्त होते आणि खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही.

## टप्पा ३ : चुकीच्या नोंदींची तक्रार

फेडलेले कर्ज चालू दिसत असेल, दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर असेल किंवा एकच कर्ज दोनदा दिसत असेल, तर त्या ब्युरोच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि त्याच दिवशी संबंधित बँकेलाही लेखी अर्ज द्यावा. अर्जासोबत बेबाकी दाखला (काही देणे उरले नसल्याचा), शेवटच्या हप्त्याची पावती आणि अहवालातील त्या पानाची प्रत जोडावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा पोहोच-शिक्का आणि तारीख घ्यावी.

ही तक्रार ३० दिवसांत निकाली काढणे बंधनकारक आहे. त्याहून विलंब झाल्यास दिवसाला १०० रुपयांप्रमाणे भरपाई मिळण्याची तरतूद २०२४ पासून लागू आहे. मुदत उलटूनही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याविषयीची माहिती १४४४८ या क्रमांकावर मराठीत आणि कन्नडमध्येही मिळते.

तपासा : दुरुस्तीचा संदेश आल्यावर नवा अहवाल काढून नोंद प्रत्यक्ष बदलली आहे का, ते पाहावे. एका ब्युरोत बदल झाला म्हणजे चौघांकडे झाला असे नसते.

## टप्पा ४ : खरी थकबाकी मिटवणे

येथे सर्वाधिक लोक फसतात, आणि मीही येथेच फसलो. माझ्या दुचाकीच्या कर्जावर ३४,००० रुपये बाकी होते. वसुलीसाठी आलेल्या माणसाने ‘वीस हजार भरा, विषय संपला’ असे सांगितले. मी उसनवारी करून २०,००० रुपये भरले आणि विषय संपला असे समजून दोन वर्षे निर्धास्त राहिलो. अहवालात मात्र त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शब्द लागला होता. त्याचा अर्थ ‘कर्जदाराने पूर्ण रक्कम भरली नाही, आम्ही तडजोड करून उरलेली सोडून दिली’ असा होतो, आणि नवा कर्जदाता हा शब्द पाहताच फाइल बाजूला ठेवतो. ब्युरोंना अशी माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी लागते, म्हणून नुसती वाट पाहणे हा मार्ग नव्हे.

योग्य क्रम असा आहे. प्रथम कर्जदात्याकडून आजच्या तारखेची थकबाकी लेखी मागावी, ज्यात मुद्दल, व्याज आणि दंडाची रक्कम वेगवेगळी दाखवलेली असेल. दंडाच्या रकमेत सूट मागण्यास हरकत नाही. अनेक ठिकाणी ती मिळते. परंतु सूट मिळाली तरी खाते ‘क्लोज्ड’ म्हणून नोंदवले जाईल, हे पैसे भरण्यापूर्वी त्यांच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर लिहून घ्यावे. त्यानंतर रक्कम बँकेतून, कर्ज खात्यातच भरावी. वसुलीच्या माणसाच्या हातात रोख रक्कम किंवा त्याच्या वैयक्तिक क्रमांकावर यूपीआय कधीही करू नये. शेवटी बेबाकी दाखला आणि एनओसी घ्यावी.

खाते आधीच सेटल्ड झाले असेल, तरीही वाट बंद झालेली नाही. मी सोडून दिलेले १४,००० रुपये भरण्याची तयारी लेखी कळवली, तीन महिने पाठपुरावा केला, रक्कम भरली आणि मग खात्याची स्थिती बदलून मिळाली. मागचे उशिराचे आकडे तसेच राहिले, पण ‘सेटल्ड’ हा शब्द गेला.

एकाहून अधिक खाती थकीत असल्यास चालू थकीत खाते आधी नियमित करावे, कारण ते प्रत्येक नव्या नोंदीबरोबर पुन्हा नुकसान करत असते. त्यानंतर लहान रकमेची जुनी खाती आणि सर्वांत शेवटी मोठी तडजोड, असा क्रम ठेवावा. मोबाइल ॲपवरून घेतलेले तीन-चार हजारांचे कर्जही अहवालात येते. रक्कम लहान म्हणून ते शेवटी ढकलू नये.

सावधान : वसुलीचे फोन सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर करता येत नाहीत. घरातल्या माणसांना धमकावले जात असेल, तर तारीख-वेळ लिहून ठेवून आधी त्या संस्थेकडे आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास लोकपालाकडे तक्रार करावी. तक्रार केली म्हणून देणे माफ होत नाही. ते भरायचेच आहे.

## टप्पा ५ : नवी, स्वच्छ नोंद उभी करणे

जुने मिटले म्हणून स्कोअर आपोआप चढत नाही. नवे हप्ते वेळेवर भरल्याची नोंद साचावी लागते, आणि या टप्प्याला खरे कष्ट लागतात.

आपल्या भागात एक मोठा गैरसमज आहे. गल्लीतल्या पतसंस्थेचे किंवा सौहार्द सहकारी संस्थेचे कर्ज वर्षानुवर्षे नियमित फेडणारे कितीतरी लोक ‘माझा व्यवहार चोख आहे’ असे सांगतात, आणि ते खरेच असते. परंतु अशा अनेक संस्था ब्युरोंना माहिती पाठवत नाहीत. भिशीची तर नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे तो चोख व्यवहार अहवालात दिसतच नाही. आपल्या संस्थेच्या व्यवस्थापकांना ‘तुम्ही कर्जाची माहिती क्रेडिट ब्युरोला देता का’ असे थेट विचारावे आणि उत्तर नकारार्थी असेल, तर नोंद उभी करण्यासाठी बँकेचाच मार्ग धरावा. सहकारी बँकांना मात्र ब्युरोंचे सभासदत्व घ्यावे लागते, त्यामुळे त्यांच्याकडील कर्ज गणले जाते.

सर्वांत सुरक्षित साधन म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड. पंधरा-वीस हजारांची ठेव ठेवली की स्कोअर खराब असतानाही अनेक बँका असे कार्ड देतात, कारण तारण त्यांच्याकडेच असते. मर्यादा २०,००० रुपये असेल, तर महिन्याचा वापर ६,००० च्या आत, म्हणजे ३० टक्क्यांच्या खाली ठेवावा. किराणा आणि पेट्रोल एवढेच त्यावर घ्यावे आणि देयक पूर्ण भरावे. ‘किमान रक्कम’ भरल्याने उशिराची नोंद टळते, पण उरलेल्या रकमेवर जबर व्याज चढते. दुसरे साधन म्हणजे बँकेतून घेतलेले लहान सोनेतारण कर्ज, जे सहा-आठ महिन्यांत फेडून टाकता येईल. ही दोन पुरेत. फ्रिज, मोबाइल, टीव्ही असे तीन-चार हप्ते एकाच वेळी सुरू केल्याने नोंद मजबूत होत नाही, उलट कर्जाची भूक दिसते.

हप्ता कधीही चुकू नये म्हणून मी एक खाते केवळ हप्त्यांसाठी उघडले. पगार दर महिन्याच्या ७ तारखेला होत असे, म्हणून ऑटो डेबिटची तारीख १० करून घेतली आणि जादा पाळीचे पैसे परस्पर त्याच खात्यात टाकत गेलो. त्या खात्याचे एटीएम कार्ड मी घेतलेच नाही. ऊस उत्पादकांचा प्रश्न वेगळा असतो, कारण कारखान्याचे बिल कधी येईल याचा भरवसा नसतो. त्यांनी बिल आल्यावर निदान सहा महिन्यांच्या हप्त्यांची रक्कम अशा स्वतंत्र खात्यात बाजूला काढावी आणि उरलेल्या पैशांतच घरखर्चाचा हिशेब मांडावा.

याच काळात उत्पन्नाचा पुरावाही तयार होतो. रोखीने मिळणारी मजुरी किंवा दुकानाचा गल्ला नियमित बँकेत भरावा आणि कर बसत नसला तरी प्राप्तिकर विवरणपत्र भरावे. नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, मिळणारा उत्पन्नाचा दाखला शासकीय योजनांना चालतो, पण गाडीच्या कर्जासाठी बँक सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे आणि खाते उतारा पाहते.

तपासा : सलग १२ महिने एकही हप्ता उशिरा नाही, गेल्या सहा महिन्यांत नव्या कर्जाची एकही चौकशी नाही आणि स्कोअर ७०० च्या पुढे आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढे जावे. एक जरी कमी असली, तर आणखी सहा महिने थांबावे.

## टप्पा ६ : गाडीची खरी किंमत आणि झेपणारा हप्ता

जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम असते. त्यावर कर्नाटकाचा आजीवन कर, विमा, नोंदणी शुल्क, नंबर प्लेट आणि फास्टॅग चढतात. ५ ते १० लाखांच्या पेट्रोल गाडीला कर्नाटकात १४ टक्के आजीवन कर आणि त्या करावर ११ टक्के उपकर असा हिशेब चालत आला आहे. म्हणजे ६,००,००० रुपयांच्या गाडीला ८४,००० अधिक ९,२४०, असे ९३,२४० रुपये केवळ कराचे होतात. दर अर्थसंकल्पानुसार बदलतात, म्हणून कोटेशन घेताना चालू दर विचारून आकडा स्वतः मांडून पाहावा.

महाराष्ट्रात अशाच पेट्रोल गाडीचा कर कमी बसतो, त्यामुळे चंदगड किंवा गडहिंग्लजच्या पाहुण्याच्या पत्त्यावर एमएच पासिंग करून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. गाडी जेथे राहते आणि मालक जेथे राहतो, तेथेच तिची नोंदणी व्हावी, असा मोटार वाहन कायदा आहे, आणि दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. वाचवलेला कर पुन्हा येथे भरण्याची पाळी येते, कर्जाच्या करारातला पत्ता आणि आरसीवरचा पत्ता जुळत नाही, आणि अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीला प्रश्न विचारायला जागा मिळते. नोकरीमुळे खरोखरच कोल्हापुरात बिऱ्हाड असेल, तर गोष्ट वेगळी. सैन्यात असलेल्यांना बीएच (भारत) मालिकेचा, म्हणजे राज्य बदलले तरी तोच राहणारा, क्रमांक घेता येतो. आपल्या भागात सैनिकांची घरे पुष्कळ आहेत, त्यांनी त्याची चौकशी अवश्य करावी.

हप्त्याचा हिशेब वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्याच्या उत्पन्नावर मांडावा. सर्व कर्जांचे हप्ते मिळून त्या रकमेच्या एक तृतीयांशाहून जास्त होऊ नयेत, असे माझे मत आहे. बँक याहून अधिक मंजूर करील, पण ते स्वीकारू नये. त्याशिवाय पेट्रोल, विमा आणि देखभालीचा खर्च वेगळा धरावा.

५,००,००० रुपयांच्या कर्जाचे आकडे पाहावेत. १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १०,६२४ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १,३७,४०० होते. तेच कर्ज सात वर्षांचे केल्यास हप्ता ८,३०१ पर्यंत उतरतो, पण व्याज १,९७,२०० च्या घरात जाते. स्कोअर कमी असल्याने दर १३ टक्के लागला, तर पाच वर्षांचा हप्ता सुमारे ११,३७७ होतो, म्हणजे पाच वर्षांत ४५,००० रुपयांहून अधिक जादा. आणखी सहा महिने थांबून स्कोअर सुधारण्याची किंमत किती आहे, ते यावरून कळते.

सावधान : ‘फक्त ७ टक्के’ असे कुणी म्हटले, तर तो दर फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवरचा आहे, की घटत्या शिल्लकेवरचा, ते विचारावे. पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिल्लकेवर जवळपास १२.५ टक्के होतात.

## टप्पा ७ : शोरूमपूर्वी कर्जाची मंजुरी

ज्या बँकेत पगार किंवा व्यवसायाचे खाते आहे, तेथे प्रथम जावे. अर्ज देण्यापूर्वी अधिकाऱ्याला स्वतः काढलेला अहवाल दाखवून, जुनी थकबाकी कशी मिटवली त्याचे कागद पुढे ठेवून, प्रामाणिकपणे विचारावे की या स्थितीत अर्ज टिकेल का. लपवण्यासारखे काही उरत नाही, कारण त्यांना तोच अहवाल दिसणार असतो. होकार वाटल्यासच अर्ज द्यावा. नकार आला, तर कारण लेखी मागावे आणि लगेच दुसरीकडे धावू नये. पतसंस्थेचे कर्ज ब्युरोत नसले, तरी अर्जात नमूद करावे, कारण त्याचे हप्ते खाते उताऱ्यात दिसतातच.

किमान चौथा हिस्सा स्वतःचा भरण्याची तयारी ठेवावी. स्कोअर नुकताच सुधारलेल्या माणसाला तेवढा वाटा भरल्याने मंजुरी आणि दर या दोन्ही गोष्टी सोप्या जातात.

मंजुरीपूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाचा खर्च आणि अटी एकत्र मांडलेले पत्रक, मागून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांना ते देणे बंधनकारक आहे आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, असा नियम आहे. त्यातील वार्षिक एकूण खर्चाचा दर, प्रक्रिया शुल्क, मुदतपूर्व फेडीचे शुल्क आणि हप्ता बाऊन्स झाल्यास लागणारा आकार हे चार आकडे वहीत उतरवावेत. गाडीचे कर्ज बहुधा स्थिर दराचे असते, म्हणून मुदतपूर्व फेडीचे शुल्क आवर्जून पाहावे. कर्जाच्या रकमेत ‘कर्ज सुरक्षा विमा’ न विचारता जोडलेला असेल, तर तो काढायला सांगावे.

## टप्पा ८ : शोरूम आणि कोटेशन

मंजुरीपत्र खिशात घेऊन शोरूममध्ये जावे आणि पॅनची प्रत तेथे देताना ‘कर्जाची चौकशी करू नये’ असे तिच्यावर लिहून सही करावी. कोटेशन बाबवार, छापील आणि शिक्क्यासह घ्यावे. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ अशा नावाने रक्कम लावली असेल, तर ती कशाची, ते विचारून काढून टाकायला सांगावे. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नसते. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा आवश्यक असला, तरी बाकीचा भाग बाहेरून घेता येतो. दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवले की फरक दिसतो. एक्स-शोरूम किंमत १० लाखांच्या वर असल्यास १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच जमा केला जाणारा प्राप्तिकर) घेतला जातो आणि तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

## टप्पा ९ : ताबा घेण्यापूर्वीची तपासणी

ही तपासणी नोंदणीच्या आधी, दिवसाउजेडी, गाडी उभी असेल त्या यार्डात करावी. नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मिळत नाही. चासी क्रमांक कागदावर उतरवून तो कर्जाच्या कागदांशी ताडावा. विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी फेब्रुवारीत नव्या वर्षाची म्हणून दिली जाऊ नये. टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे पाहावेत. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, आणि पाचही टायर जवळपास एकाच काळातले असावेत. मी वाकून पाहिले, तेव्हा मागचा डावा टायर इतरांपेक्षा चौदा महिन्यांनी जुना निघाला. बोट ठेवून दाखवल्यावर त्यांनी तो तेथेच बदलून दिला.

रंगाची छटा दारांवर आणि बॉनेटवर सारखी आहे का, ओडोमीटर किती किलोमीटर दाखवतो, एसी, काचा, दिवे आणि वायपर चालतात का, गाडीखाली तेलाचा डाग आहे का, हे पाहून मगच उरलेली रक्कम भरावी.

सावधान : मुहूर्त टळेल म्हणून दोष असलेली गाडी घरी आणू नये.

## टप्पा १० : पासिंग, बोजा आणि पुढची काळजी

शोरूम फॉर्म २० भरून नोंदणी करते. त्यावर आपण सही करण्यापूर्वी नाव आणि पत्ता पुन्हा टप्पा १ मधल्या कागदांशी ताडावा. बेळगावच्या गाडीला केए-२२ आणि चिकोडी कार्यालयाच्या हद्दीतल्या गाडीला केए-२३ क्रमांक मिळतो. आरसीवर कर्जदात्याच्या नावाचा बोजा चढतो आणि ते नाव विमा पॉलिसीवरही येते. दोन्ही ठिकाणी ते एकच असावे.

पहिल्या सहा महिन्यांत नवे कोणतेही कर्ज घेऊ नये आणि ठेवीवरचे कार्ड बंद करू नये, कारण तीच आपली जुनी स्वच्छ नोंद असते. पहिला हप्ता गेल्यावर दीड महिन्याने अहवाल काढून कर्ज योग्य रकमेने नोंदले गेले आहे का, ते पाहावे.

शेवटचा हप्ता फिटल्यावर बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचे फॉर्म ३५ घ्यावेत आणि एनओसीवरील मुदत उलटण्यापूर्वी आरटीओकडे अर्ज करून आरसीवरचा बोजा उतरवून घ्यावा. त्यानंतर विमा कंपनीला कळवून पॉलिसीवरील बँकेचे नाव काढून घ्यावे आणि अहवालात खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असे आल्याचे पाहून तो अहवाल बेबाकी दाखल्यासोबत फाइलला लावावा.